कोरडं डाळिंब

कोकंद शहराकडून येणारा धुळीचा वारा सुटला की आमच्या रिश्तान गावात कोणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. कुत्री उगाच भुंकतात, तंदुरातली नान एका बाजूने करपते आणि सासवा-सुना एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. त्या उन्हाळ्यात वारा सुटला तो थांबायचं नावच घेईना, आणि माझ्या भावाच्या घरात तान्हं मूल होतं.

माझं नाव ताजिनिसा, पण ते आता कागदोपत्रीच उरलंय. आमच्याकडे आत्याला अम्मा म्हणतात. भावाचा मुलगा तसं म्हणायला लागला आणि पाहता पाहता अख्ख्या गल्लीची मी अम्मा झाले. नवरा गेल्यापासून भावाच्याच अंगणात, जर्दाळूच्या झाडापलीकडच्या खोलीत राहते. भाऊ मदामिन कुंभार. त्याचा मुलगा इल्हाम, तोही चाकावर बसणारा. मदामिनची बायको हुरमत आणि इल्हामची बायको मुअत्तर, या दोघींमध्ये मी. म्हणजे अडकित्त्यात सुपारी असते ना, तशी.

मुअत्तरचा सरवर जन्मला तेव्हा मी प्रसूतिगृहात होते. पोराचं डोकं दुधी भोपळ्यासारखं लांबुळकं निघालं. इल्हामने काचेतून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"अम्मा, हे असंच राहणार?"

तिथली सुईण मोठी हसरी बाई होती. ती म्हणाली, "तू कसा दिसत होतास ते आधी आईला विचार. अरे, डोक्याची हाडं एकमेकांवर सरकली म्हणून तर पोरगं बाहेर आलं. डोकं एकसंध असतं तर मायलेकरं दोघंही अडकली असती. चार दिवसांत गोल होईल."

मग तिने मुअत्तरचं बोट धरलं आणि बाळाच्या टाळूवर ठेवलं. "ही जागा मात्र मऊच राहणार, चांगली वर्ष-दीड वर्ष. आत मेंदू वाढतोय, त्याला जागा नको? हात लावल्याने काही फुटत नाही. उलट रोज हात लावून बघत जा. सपाट असेल, हळूच उडत असेल, तर सगळं ठीक. फुगली किंवा खोल गेली, तर मात्र कोणाला विचारत बसू नकोस. सरळ दवाखाना गाठ."

घरी आल्यावर मी हे मदामिनला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबरच आहे. पोकळ भांडं चहूकडून बंद करून भट्टीत घातलं की फुटतंच. वाट ठेवावी लागते." त्याला जगातली प्रत्येक गोष्ट भट्टीवरूनच कळते.

इल्हाम मात्र पोराला हात लावेना. टाळू उडताना दिसली की त्याला गरगरायचं.

"माझे हात मातीचे, अम्मा. कुठे किती दाब पडेल सांगता येत नाही."

"मेल्या, दिवसभर पापडासारख्या पातळ वाट्या उचलतोस की!"

"वाटी मोडली तर दुसरी करता येते," तो म्हणायचा आणि कारखान्यात पळायचा.

आणि हुरमतचं उलटंच. तिने नातवासाठी टोपी शिवली होती, टाळूवर कापसाचं दुहेरी अस्तर घालून. चाळीस दिवसांचा चिल्ला पुरा होईपर्यंत ती टोपी निघायची नाही. टाळूला वारा लागायचा नाही, आई-बाळाने उंबरा ओलांडायचा नाही, परक्या माणसाने आत यायचं नाही. हे सगळं आमच्याकडे सगळेच पाळतात, पण हुरमतचं पाळणं वेगळं होतं. तिची पहिली मुलगी चिल्ल्यातच गेली होती. अशाच वाऱ्याच्या दिवसांत. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं की वारा टाळूतून आत शिरला आणि पोर घेऊन गेला.

सरवर दिवसरात्र बेशिकमध्ये असायचा. आमच्या कित्येक पिढ्या त्याच लाकडी पाळण्यात वाढल्या. हातपाय सरळ करून बाळाला पट्ट्यांनी बांधायचं, वरून पांघरुणं टाकायची. गादीला मध्ये भोक असतं. बाळाची शू लाकडी नळीतून खालच्या मातीच्या भांड्यात जाते. अंग कोरडं, गादी कोरडी. आई वरच्या आडव्या दांड्यावर ओणवी होऊन दूध पाजते, बाळाला सोडावंसुद्धा लागत नाही. ते भांडं अर्थातच मदामिनने स्वतः केलं होतं. निळ्या झिलईचं. आणि आत तळाला डाळिंब रंगवलेलं!

"अरे, शूच्या भांड्यात डाळिंब कोण काढतं?" मी त्याला म्हटलं.

"पहिला नातू आहे, ओपा." मी थोरली, म्हणून तो आणि हुरमत मला ओपा म्हणजे ताई म्हणतात.

"तो काय पाठीत डोळे लावून बघणार आहे?"

"तो नाही. तुम्ही बघाल, रोज रिकामं करताना."

भांडणाला निमित्त झालं त्या टोपीचं. एका दुपारी मुअत्तरने पांघरुणं बाजूला केली, टोपी काढली आणि टाळूवर बोट ठेवलं, सुईणीने सांगितलं होतं तसं. नेमकी हुरमत चहा घेऊन आत आली.

"काय करतेस? टोपी घाल आधी!"

"आयी, घामाने भिजलाय तो. आणि सुईण म्हणाली होती, रोज—"

"सुईण तिच्या घरी गेली. पोर माझ्या घरात आहे. तुझ्या आईकडे वाढवत असतील पोरं उघडीबोडकी."

"माझ्या आईची सगळी पोरं जगली," मुअत्तर म्हणाली.

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण बाण सुटला होता. हुरमतने चहाची किटली खाली ठेवली, टोपी उचलली, बाळाच्या डोक्यावर घातली, नाडी बांधली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. हुरमत भांडते तेव्हा मला काही वाटत नाही. ती गप्प बसते तेव्हा मात्र मला तिची भीती वाटते.

त्यानंतर दोघींचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. हुरमत तिचं नावही घेईना, नुसतं केलीन म्हणजे सूनबाई म्हणे.

"ओपा, केलीनला सांगा, शोरबा ठेवलाय. दूध यायला हवं तर प्यावा लागेल."

"अम्मा, आयींना सांगा, भूक नाही."

"ओपा, केलीनला सांगा, भूक नसली तरी पोराला असते."

आणि दोघी माझ्या डाव्या-उजव्या हाताला. "मी काय टपाल वाटते इथे?" मी ओरडले. "तोंडं आहेत ना तुम्हाला?" त्यावरही दोघी एकमेकींकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिल्या.

मुअत्तर रडायची, जेवायची नाही. छातीला दूध कमी झालं असणार, पण ती कोणाला सांगणार? वाऱ्याने अंगण भाजून निघत होतं. बेशिकवर पांघरुणं तशीच. पोरगं आधी खूप रडलं, मग कुरकुरलं, आणि मग एका सकाळी अगदी शांत झालं.

"बघा," हुरमत मला म्हणाली, "टोपी डोक्यावर राहिली तर कसं शहाण्यासारखं झोपतंय!"

मला काही ते पटेना. तान्हं मूल घर डोक्यावर घेत नसेल तर त्या घराचं काहीतरी चुकतंय, असं माझं आपलं मत. त्या दिवशी माझ्या पायाला भिंगरी लागली होती. अंगण झाडलं, परत धूळ आली, परत झाडलं. बाळाच्या खोलीच्या दारापर्यंत जायची, आत सगळं निवांत दिसायचं, मागे फिरायची. निवांत बघूनच जास्त घाबरायला होत होतं.

तेवढ्यात दवाखान्याची नर्स आली. ती घरोघरी फिरून बाळांची वजनं करते. हुरमत खरबूज हातात घेऊनच फाटकात उभी राहिली, म्हणजे आत घ्यायला नको आणि रिकाम्या हातानेही पाठवायला नको.

"दूध पितो ना?" नर्सने विचारलं.

"पितो."

"शू नीट होते?"

"होते म्हणजे! केलीन सारखी भांडं रिकामं करत असते. मी कधीही बघावं तर लख्ख."

"एकदा बघू द्या की, खाला. वजन करते आणि जाते."

"चिल्ला संपला की ये, पोरी. तेव्हा जेवायलाच ये."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. वाऱ्याने तिचा रुमाल तोंडावर आला, तो सावरत ती खरबूज घेऊन पुढच्या घरी गेली.

"येऊ द्यायचं होतंस तिला," मी म्हटलं.

"ओपा, स्वतःची पोरं वाढवली असती तर तुम्हाला कळलं असतं."

मला मूल झालं नाही, हे हुरमतला वारा सुटला की हमखास आठवतं. मी झाडू फेकला आणि माझ्या खोलीत जाऊन बसले. पण बसवलंही जाईना.

दुपार कलायला लागली तेव्हा मदामिन कारखान्यातून आला. हात कोपरापर्यंत पांढरे.

"ओपा, सरवरचं भांडं जरा बाहेर आणता? या वेळच्या झिलईत राख जास्त पडलीय. शूने रंग उतरतोय का ते बघायचंय. कोकंदचा एक व्यापारी असलीच भांडी मागतोय."

मी आत गेले. मुअत्तर बेशिकजवळ आडवी होती, डोळे सुजलेले. बेशिकखाली हात घालून मी भांडं ओढलं आणि बाहेर आणून मदामिनच्या हातात दिलं. त्याने ते उन्हात तिरकं धरलं.

"वा! जसंच्या तसं राहिलंय! जणू आत्ताच भट्टीतून काढलं."

हुरमत तंदुरापाशी पीठ मळत होती. ती हवेशी बोलल्यासारखं म्हणाली, "राहणारच. केलीन घासून घासून ठेवते."

मुअत्तर दारात आली होती. "अम्मा, आयींना सांगा, मी काही घासलं नाही. कालपासून त्याच रिकामं करतायत. मी आळशी म्हणून."

मी दोघींचं ऐकतच नव्हते. मी भांड्यात बघत होते. डाळिंबावर वाऱ्याने आणलेल्या पिवळ्या धुळीचा पातळ थर बसला होता आणि त्या धुळीतून एक मुंगी चालली होती. मुंगीच्या पायांची रेघसुद्धा दिसत होती. घासलेल्या भांड्यात एवढी धूळ नसते. आणि ज्यात शू पडते त्यातली धूळ कोरडी राहत नाही.

"थांबा," मी म्हटलं. "हुरमत, हे भांडं तू कधी रिकामं केलंस?"

"मी कशाला करू? तीच करते ना."

"मुअत्तर, तू?"

"काल सकाळी. त्यानंतर बघितलं तेव्हा रिकामंच होतं. मला वाटलं, आयींनी…"

फाटक वाऱ्याने आपटत होतं. मदामिन भांडं हातात धरून एकदा बायकोकडे, एकदा सुनेकडे बघत होता.

"मग पोराने कालपासून शू केली कुठे?" मी ओरडले.

आम्ही सगळेच धावलो. मुअत्तरने पांघरुणं भिरकावली. पट्ट्यांच्या गाठी तिच्या बोटांना सुटेनात, तेव्हा मी दृष्ट लागू नये म्हणून उशाशी ठेवलेली सुरी घेतली आणि कापूनच टाकल्या. पोराचे ओठ सुकलेले, डोळे अर्धवट. तोंड रडण्यासाठी उघडलं, पण आवाज आला नाही, की डोळ्यात पाणी आलं नाही. टोपीची नाडी हुरमतने सोडली. तिनेच बांधली होती, तिनेच सोडली.

टाळूच्या जागी खळगा पडला होता. आत जर्दाळूची बी बसेल एवढा. मुअत्तरने त्यावर बोट ठेवलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही.

"टाळू पडलीय," हुरमत पुटपुटली. "गल्लीच्या टोकाच्या म्हातारीला बोलवा. ती टाळू वर चढवते."

"आधी दवाखाना," मुअत्तर म्हणाली. तिने पोराला उचललं आणि दाराशी आली. हुरमत उंबऱ्यावर उभी. दोन्ही हात चौकटीला.

"चिल्ल्यात? या वाऱ्यात? मीही माझ्या मुलीला अशीच नेली होती, केलीन. वाऱ्यातून नेली आणि परत आणली ती…"

"आयी, बाजूला व्हा."

हुरमत हलेना. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती. पण त्या क्षणी मला तिची दया आली नाही. मी तिचा हात धरून खाली ओढला.

"तिला वाऱ्याने नाही नेलं, बाई! उशिराने नेलं. मी होते तेव्हा इथे. तेव्हाही आधी म्हातारीच आली होती, आणि दवाखाना नंतर. आता परत तेच करणार आहेस?"

हे मी इतकी वर्षं तिला बोलले नव्हते. कोणीच बोललं नव्हतं. हुरमतने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला मारलं. मग तिने आपल्या डोक्यावरचा मोठा रुमाल सोडला, पोराभोवती गुंडाळला आणि उघड्या पांढऱ्या केसांनी सगळ्यांच्या पुढे अंगणात उतरली. वारा जिकडून येत होता त्या बाजूने ती मुअत्तरला खेटून चालली, गाडीपर्यंत.

आरडाओरडा ऐकून कारखान्यातून आलेल्या इल्हामने भांडी वाहायची छोटी व्हॅन काढली. मागे वाट्या खणखणत होत्या. मुअत्तर छाती पोराच्या तोंडाशी धरत होती, ते दोन घोट ओढायचं आणि सोडून द्यायचं. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की मदामिनच्या मांडीवर ते भांडं तसंच आहे. खाली ठेवायचं त्याला सुचलंच नव्हतं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण पोरगी होती. तिने पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. टाळूवर हात फिरवला. "अंगातलं पाणी संपलंय," ती म्हणाली. "शेवटची शू कधी केली?"

सासू आणि सून, दोघींनी माना खाली घातल्या. मी सांगितलं.

"सलाइन लावते. काही तासांत शू झाली तर समजा निभावलं. नाही झाली तर पुढचं मी आत्ता सांगत नाही."

हातापायांच्या शिरा सापडेनात. दोनदा टोचलं, दोनदा फुकट गेलं. मग तिने वस्तरा मागवला आणि कानाच्या वरच्या बाजूचे मऊ केस काढले. डोक्यात सुई लावणार होती. ज्या डोक्याला वाऱ्याची झुळूक लागू दिली नव्हती, त्या डोक्यात. हुरमत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"डोकं घट्ट धरा कोणीतरी. हललं की शीर फुटेल."

मुअत्तरने हात पुढे केले, पण वस्तऱ्याने उघडी पडलेली जागा दिसताच मागे घेतले. माझ्या म्हाताऱ्या हातांचाही भरवसा नव्हता.

"बाप कुठाय?" डॉक्टर म्हणाली.

इल्हाम दारात होता. "माझे हात—"

"तुझे हात दिवसभर माती मध्यावर धरून ठेवतात," मी म्हटलं. "ये आणि धर. नाटकं नकोत."

तो आला. नखांत माती होती, ती नर्सने घासून घासून काढली. मग त्याने मुलाच्या जन्मापासून पहिल्यांदाच त्याचं डोकं दोन तळव्यांत घेतलं. अंगठे त्या खळग्याच्या दोन्ही बाजूंना. सुई गेली. पोरगं तडफडलं, पण डोकं तसूभर हललं नाही. इल्हामच्या गालावरून पाणी ओघळून हनुवटीवर आलं, ते पुसायलाही त्याने हात सोडला नाही.

त्यानंतर वाट बघणं. मला बसता येत नाही, मी बाहेरच्या लांब ओट्यावर येरझारा घालत राहिले. बाकावर मदामिन भांडं मांडीवर घेऊन बसला होता. एका बाईने त्याला विचारलं, "उस्ता, केवढ्याला दिलं?" तो नुसता मान हलवत राहिला. हुरमत जमिनीवर भिंतीला टेकून, केस मोकळे. ती मला काही बोलेल, शिव्या देईल, असं मला वाटत होतं. एकदा मी तिच्यासमोरून जात असताना तिने माझ्या झग्याचा काठ धरला.

"तिचीही अशीच होती," ती म्हणाली. "टाळू. अशीच खोल. मी टोपी घालून ठेवली होती, म्हणून बघितलंच नाही."

मी तिच्याजवळ खाली बसले. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो बर्फासारखा गार होता, त्या उन्हाळ्यात.

डॉक्टर दोनदा येऊन गेली. सुई पट्टीने बसवली होती, आता धरायची गरज नाही, असं ती इल्हामला म्हणाली. त्याने ऐकलंच नाही. खिडकीत ऊन तांबूस व्हायला लागलं होतं, तेव्हा आतून त्याची हाक आली.

"अम्मा! अम्मा, उडतेय!"

आम्ही सगळे आत घुसलो. नर्स ओरडत राहिली, कोण ऐकतंय! इल्हामच्या दोन अंगठ्यांमध्ये तो खळगा थोडा वर आला होता आणि अगदी हळू, आतून कोणी बोट टेकवावं तसा हलत होता. मुअत्तर त्यावर वाकली. एवढ्यात पोराने तोंड वाकडं केलं आणि जोरात रडलं. आवाजासकट. आणि त्याच दमात त्याच्या शूची धार उडाली ती थेट बापाच्या सदऱ्यावर.

इल्हामने डोकं सोडलं नाही. "भांडं!" तो ओरडला. "दादा, भांडं!"

मदामिन कधी पळाला नसेल असा पळाला. धार संपत आली होती, शेवटचे थेंब तेवढे त्याला सापडले. डॉक्टर दाराला टेकून हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली.

हुरमतने भांडं त्याच्या हातातून घेतलं आणि खिडकीशी नेलं. आत वाकून बघितलं. धूळ भिजली होती आणि खालून डाळिंबाचा लाल रंग वर आला होता.

"केलीन," ती म्हणाली. माझ्यामार्फत नाही. सरळ. "ये, बघ."

मुअत्तर गेली. दोघी त्या भांड्यावर वाकल्या, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ. मुअत्तर काहीतरी म्हणायला गेली, माझ्या आईची पोरं वगैरे, त्याची माफी असावी. हुरमतने तिच्या तोंडावर हात ठेवला.

नर्स आली. "द्या ते इकडे," ती म्हणाली, "रिकामं करून, धुऊन आणते."

हुरमतने भांडं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

"नको," ती म्हणाली. "आज कोणी धुवायचं नाही."